पाच-सात वर्षं घरी काढल्यावर पुन्हा नोकरी: विदर्भातल्या गावातून सुरुवात कशी करायची

तीन, पाच, आठ वर्षं नोकरीबाहेर काढलेल्यांसाठी हे लिहितो आहे. कोणी चाकण-रांजणगावहून लॉकडाऊनमध्ये गावी आला आणि परत गेलाच नाही. कोणी तलाठी, पोलीस, वनरक्षक असे फॉर्म भरता भरता वयाच्या अटीपाशी येऊन ठेपला. कोणाचं डीएड होऊन कपाटात पडलं आहे. कोणी ताई लेकरं लहान म्हणून घरी राहिली आणि आता लेकरं शाळेत जायला लागली आहेत. मी पहिल्या गटातला. २०२० साली पुण्याकडची कंत्राटी नोकरी सुटली, पाठोपाठ वडिलांचं दुखणं निघालं, वावर अंगावर आलं आणि वर्षं निघून गेली. मग एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, काट्यावर (गाड्यांच्या वजनावर) लागलो. आता एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. या वाटेवर काय कामी येतं आणि कशात वेळ जातो, ते क्रमाने सांगतो.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. मोठ्या खंडानंतरची पहिली नोकरी पगार बघून निवडू नका. तिच्यातून तुमच्या हातात ताजा कागद पडतो का, ते बघा. पगाराची पावती, पीएफची नोंद, बँकेत दर महिन्याला जमा झालेला पगार, लेटरहेडवरचं पत्र, यातलं काहीही चालेल. कारण पुढचा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, "सध्या कुठे आहात?" पदवी तो नंतर विचारतो. "सध्या अमुक ठिकाणी काट्यावर आहे" म्हणणाऱ्याशी तो पुढे बोलतो. "सध्या घरीच" म्हणणाऱ्याचा अर्ज बाजूला राहतो. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण असंच चालतं. म्हणून पहिल्या महिना-दोन महिन्यांत कुठेही, पण कागद देणाऱ्या ठिकाणी कामाला लागणं हा या लेखाचा सगळा रोख आहे.

१. घरात आधी बोलून घ्या

नोकरी लागल्यावर घरी कोण काय करेल हे ठरलेलं नसेल, तर लागलेली नोकरी जुलैमध्ये सुटते. पेरणीच्या आठवड्यात सुट्टी मिळत नाही, माणूस न सांगता घरी राहतो आणि परत गेल्यावर त्याच्या जागी दुसरा बसलेला असतो. म्हणून आधीच बसून ठरवा. वावर मक्त्याने (ठरावीक रकमेवर) द्यायचं की बटईने (पिकाच्या वाट्यावर)? स्वतःच करायचं असेल तर फवारणी कोण बघेल? कृषी पंपाची लाइन रात्रीची असते, त्या रात्री ओलिताला कोण जाईल? आई-वडिलांना दवाखान्यात कोण नेईल? ताईंच्या बाबतीत शाळा सुटल्यावर लेकरांकडे कोण बघेल, हे सासरी मोकळेपणाने बोलून ठरलेलं हवं.

दुसरं म्हणजे गावातला तो प्रश्न. पानठेल्यावर, लग्नात, एसटीत कोणी ना कोणी विचारतंच, "काय करून रायला सद्या?" हा प्रश्न टाळायला लोक चार चौघांत जाणं सोडतात. मी सांगतो, जा. आणि सरळ उत्तर द्या: "काम पाहून रायलो दादा, तुमच्याकडं कानावर आलं तर सांगा." तालुक्याच्या ठिकाणच्या नोकऱ्यांची जाहिरात येत नाही. जिनिंगचा दिवाणजी (मुनीम), कृषी केंद्राचा मालक, पेट्रोल पंपाचा मॅनेजर आपल्या ओळखीत तोंडी विचारतो आणि जागा भरते. तुम्ही काम शोधता आहात हे पन्नास माणसांना माहीत नसेल, तर ती जागा तुमच्यापर्यंत येणार कशी?

२. कागदांची फाईल

ही फाईल नोकरी शोधण्याआधी तयार हवी. बोलावणं आलं की "उद्या कागद घेऊन या" असंच येतं.

– दहावी, बारावी आणि पुढच्या शिक्षणाच्या गुणपत्रिका, बोर्डाची सनद, पदवी
– शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला, म्हणजे टीसी
– आधार, पॅन, बँक पासबुक (खातं आधारला जोडलेलं, चालू)
– डोमिसाईल
– जातीचा दाखला. लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस
– एमएस-सीआयटी, टायपिंग, आयटीआय, टॅली (संगणकावरचा हिशेब), जे काही केलं असेल त्याचं प्रमाणपत्र
– दुचाकीचा परवाना
– आधीच्या नोकरीचा कोणताही पुरावा
– पासपोर्ट फोटो, आणि सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स

आता यातल्या अडचणी.

खातं. घरी असताना व्यवहार नसल्याने खूप जणांचं खातं निष्क्रिय झालेलं असतं, किंवा आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असतो. पीएफ, महास्वयं (राज्य सरकारचं रोजगार पोर्टल), डिजिलॉकर सगळीकडे ओटीपी त्या नंबरवरच जातो. म्हणून पहिलं काम आधार केंद्रावर जाऊन चालू नंबर जोडणं आणि बँकेत जाऊन केवायसी करणं. हे झाल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही.

नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, पॅनवर तिसरं. पीएफ खातं उघडताना इथेच अडतं. दहावीचा कागद धरून आधार आणि पॅन दुरुस्त करून घ्या. लग्न झालेल्या ताईंनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र फाईलमध्ये ठेवा. सरकारी भरतीत नावातला बदल दाखवायला राजपत्र मागतात, त्याचा अर्ज ऑनलाइन होतो.

मुदत. ईडब्ल्यूएसचा दाखला त्या त्या आर्थिक वर्षापुरताच चालतो. नॉन-क्रीमीलेअरचीही मुदत असते, आणि तो मुदत संपल्यावर आठवतो. खाजगी नोकरीला मात्र हे दोन्ही लागत नाहीत, जात वैधताही लागत नाही. त्यांच्या मागे महिना घालवून मग नोकरी शोधू, असं करू नका.

स्टॅम्प पेपर. जात, उत्पन्न, रहिवासी अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, शासनाने तो माफ केलेला आहे. तरी तहसीलच्या आवारात कोणी "पाचशेचा आणा" म्हणालाच, तर आत खिडकीवर विचारा आणि मगच पैसे काढा.

हरवलेली गुणपत्रिका. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम, बुलढाणा या जिल्ह्यांसाठी बोर्डाचं विभागीय कार्यालय अमरावतीला आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीसाठी नागपूरला. आधी शाळेत जा, जनरल रजिस्टरमध्ये तुमची नोंद असते आणि दुय्यम प्रतीचा अर्ज कसा करायचा तेही तिथेच कळतं.

आधीच्या कंपनीचं पत्र नसेल तर. कंत्राटदाराकडे काम केलेल्यांपैकी फार थोड्यांकडे अनुभवाचं पत्र असतं, पण पीएफ कापला गेला असेल तर यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा खाते नंबर असतो. उमंग ॲपवर किंवा ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर पासबुक आणि सर्व्हिस हिस्ट्री निघते. त्यात कंपनीचं नाव आणि रुजू झाल्याची तारीख असते. त्याची प्रिंट हाच तुमचा अनुभवाचा पुरावा. नोकरी सोडल्याची तारीख कंत्राटदाराने टाकलेली नसेल, तर शेवटच्या कपातीनंतर दोन महिन्यांनी ती आपल्यालाच टाकता येते. नवीन ठिकाणी हाच यूएएन द्या, दुसरा उघडू देऊ नका.

परवाना. हा मी मुद्दाम वेगळा सांगतो. गाडी सगळ्यांनाच येते, पण परवाना निम्म्यांकडे नसतो. फिरतीचं काम, वसुली, डिलिव्हरी, सोलर पंपाची जोडणी, कुठेही तो मागतात. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि पक्क्या परवान्यासाठी तो काढून ३० दिवस व्हावे लागतात. हा महिना कोणाला चुकत नाही, म्हणून शिकाऊ परवान्याचा अर्ज आजच करा.

३. मधली वर्षं कागदावर कशी मांडायची

बायोडेटा एक पानाचा. मराठीत चालतो, एमआयडीसीसाठी इंग्रजीत करून घ्या. सायबर कॅफेवाल्याकडे तयार नमुना असतो, त्यात वडिलांचं नाव, धर्म, छंद "वाचन व क्रिकेट" असं सगळं असतं आणि मधल्या वर्षांची जागा कोरी असते. तो घेऊ नका. स्वतः सांगा, त्याला टाइप करायला लावा.

कोरी जागा बघितली की समोरचा वाटेल ते धरून चालतो: आजारी होता, भांडून आला, पोलीस केस आहे. त्यामुळे जे केलं ते लिहा, खरं तेवढंच लिहा. उदाहरणार्थ:

"२०२० ते २०२४: घरची सहा एकर कोरडवाहू शेती पाहिली (कापूस, सोयाबीन, तूर). मजुरांची हजेरी व चुकारा, खत-बियाण्याची खरेदी आणि हिशेब, बँकेचं पीक कर्ज व नूतनीकरण, ई-पीक पाहणी व पीक विम्याचे अर्ज मोबाइलवरून."

बघा, यात हजेरी आहे, खरेदी आहे, हिशेब आहे, बँकेचं काम आहे, मोबाइलवर अर्ज भरणं आहे. स्टोअरकीपरला हेच लागतं. बचत गटात सचिव राहिलेल्या ताईने "१० महिलांच्या गटाची मासिक बैठक, जमा-खर्च वही, बँक व्यवहार" असं लिहावं. उमेदमध्ये (बचत गटांच्या सरकारी अभियानात) सीआरपी, म्हणजे गटांना मार्गदर्शन करणारी गावातली कार्यकर्ती म्हणून काम केलं असेल तर ते अनुभवातच धरा. परीक्षेची तयारी केली असेल तर "स्पर्धा परीक्षा तयारी, अमुक वर्षी अमुक परीक्षेची मुख्य फेरी" असं लिहा, आणि सोबत शिकवणी घेतली असेल, दुकानात बसला असाल, तर तेही लिहा.

वर्षं चोरू नका. दोन नोकऱ्यांच्या तारखा ताणून खंड झाकला की पीएफच्या नोंदीत तो उघडा पडतो, आणि मग हातात आलेली नोकरी जाते.

४. सरकारी नोंदणी: करा, पण तिच्यावर विसंबून राहू नका

महास्वयं पोर्टलवर नोंदणी फुकट आहे. जुनं एम्प्लॉयमेंट कार्ड असलं तरी इथे आधारसह नवी नोंद आणि शिक्षण अद्ययावत करावं लागतं. याचा उपयोग दोन ठिकाणी होतो. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र जे रोजगार मेळावे घेतं, त्यांच्या जागा इथे दिसतात. आणि २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेसाठी ही नोंदणी लागते. त्या योजनेत वय १८ ते ३५, बारावीला महिना ६,००० रुपये, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलेलं आहे. ते प्रशिक्षण आहे, कायम करण्याची हमी त्यात नाही. पण तुमच्या भागात जागा निघाली तर खंड मोडायला ते चांगलं, कारण शेवटी प्रमाणपत्र मिळतं. केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिसवरही नोंद करून ठेवा.

मेळाव्याला जाताना बायोडेटाच्या पंधरा-वीस प्रती न्या. विमा आणि मार्केटिंगचे टेबल पुढेच असतात, तिथे थांबून राहू नका. आत कारखान्यांचे टेबल शोधा, आणि ज्यांनी प्रत ठेवून घेतली त्यांचा फोन नंबर मागून घ्या.

परीक्षा देणाऱ्यांसाठी दोन शब्द. राज्य सेवेत खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही कमाल वयाची मर्यादा आहे. तुमची वर्षं मोजून बघा. परीक्षा सोडा असं मी कोणाला सांगणार नाही, पण कामाला लागूनही परीक्षा देता येते. ग्रामीण डाक सेवकाची भरती दहावीच्या गुणांवर होते, वय १८ ते ४०, परीक्षा नाही, मुलाखतही नाही. पोलीस पाटलासाठी २५ ते ४५ वय, दहावी पास आणि गावचा रहिवासी असणं लागतं. अंगणवाडी सेविका-मदतनीसाची जागा गावातल्याच बारावी झालेल्या ताईंना मिळते, वय ३५ पर्यंत, विधवांना ४० पर्यंत. या जागांकडे लोक "मानधनच तर आहे" म्हणून बघत नाहीत, आणि गावातच राहून कागद मिळवण्याची चांगली संधी हातची जाते.

५. काम आहे कुठे

कापूस पट्ट्यात, म्हणजे यवतमाळ, अमरावती, अकोला, वर्धा, बुलढाणा, वाशिमकडे दिवाळीच्या आगेमागे जिनिंग-प्रेसिंग सुरू होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतात. मजुरांशिवाय त्यांना काट्यावर, गेटवर, आवक नोंदवहीवर, गठाणींच्या (दाबलेल्या रुईच्या गाठींच्या) हिशेबावर लिहिणारी माणसं लागतात. दसऱ्यानंतर लगेच जाऊन विचारायचं, गाड्यांची रांग लागल्यावर गेलं तर जागा भरलेल्या असतात. अकोल्यात दालमिल आहेत. वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या हंगामात ग्रेडिंग-पॅकिंगची कामं निघतात. गोंदिया-भंडाऱ्यात राईस मिल. चंद्रपूर-वणी भागात कोळसा खाणी आणि सिमेंटचे कारखाने, तिथे बहुतेक भरती कंत्राटदाराकडून. नागपूरला बुटीबोरी आणि हिंगणा, अमरावतीला नांदगाव पेठ, यवतमाळला लोहारा, शिवाय खामगाव, देवळी. आयटीआय झालेल्यांनी या एमआयडीसींकडेच आधी बघावं. महावितरण, एसटी, वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) आणि आयुध निर्माणी शिकाऊ उमेदवार घेतात, त्याची नोंदणी ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर होते.

तालुक्याच्या गावातली कामं लोक मोजतच नाहीत. कृषी केंद्राला खताच्या विक्रीसाठी पॉस मशीन चालवणारा माणूस लागतो, हंगामात तर एकाला दोन लागतात. पतसंस्था, गॅस एजन्सी, दवाखान्याचं रिसेप्शन, औषधाचं दुकान, दूध संकलन केंद्र, आपले सरकार सेवा केंद्र. शासनाच्या सौर कृषी पंप योजनेमुळे पंप बसवणाऱ्या एजन्सींना गावोगाव वायरमन आणि फिटर लागतात. या कामात ओळख लवकर होते, आणि आयटीआय इलेक्ट्रिशियनला मी आज हेच सुचवीन.

मायक्रोफायनान्सच्या फिल्ड ऑफिसरची नोकरी सगळ्यात पटकन मिळते, बारावी आणि गाडी पुरते. कागदही पक्का मिळतो. पण सकाळी सातपासून गटांच्या बैठका, वसुलीचा दबाव आणि नापिकीच्या साली ओळखीच्याच बायांच्या दारात उभं राहायचं, हे आधी समजून घ्या. रोख रक्कम जवळ असते, तेव्हा प्रत्येक पावती त्याच दिवशी जुळवायची. मी ही नोकरी वाईट म्हणत नाही, पण सगळ्यांना ती झेपत नाही.

हाताशी दोन-तीन महिने असतील तर टॅली शिका. जिनिंग, दालमिल, कृषी केंद्र, हार्डवेअर, सगळीकडे टॅलीत बिल टाकणारा आणि मालवाहतुकीचं ई-वे बिल काढणारा माणूस लागतो. स्वतःचं काही करायचं असेल तर जिल्ह्याच्या आरसेटीत, म्हणजे बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, राहणं-जेवणासह प्रशिक्षण मोफत मिळतं.

६. फोन करा, मग स्वतः जा

व्हॉट्सॲपवर बायोडेटा टाकून वाट बघत बसू नका. तो कोणी उघडत नाही. फोन सकाळी दहा ते साडेअकराच्या दरम्यान करा आणि एवढंच बोला:

"नमस्कार साहेब. मी दारव्हा तालुक्यातून बोलतो. आयटीआय फिटर आहे, पुण्याकडे तीन वर्षं काम केलंय. तुमच्याकडे स्टोअरला किंवा काट्यावर माणूस लागतो काय? सोमवारी सकाळी कागद घेऊन येऊ का?"

शेवटचं वाक्य सोडू नका. "काही असलं तर कळवा" म्हटलं की बोलणं तिथेच संपतं. दिवस सांगून विचारलं की समोरचा "या" म्हणतो नाही तर "दिवाळीनंतर या" म्हणतो, दोन्ही कामाची उत्तरं आहेत. एका वहीत तारीख, ठिकाण, माणसाचं नाव आणि पुढचा दिवस लिहून ठेवा. दिवाळीनंतर या म्हटलं तर दिवाळीनंतर खरंच जा. फार थोडे जातात.

एमआयडीसीत गेटवर वॉचमनच सगळं असतो. त्याच्याशी मानाने बोला, भरती कंत्राटदाराकडून आहे की कंपनीची, कोणत्या दिवशी बोलावतात, ते तोच सांगतो.

७. मुलाखत

माझी जिनिंगमधली मुलाखत काट्याजवळच झाली. कापसाने भरलेली एक ४०७ (लहान ट्रक) उभी होती. दिवाणजींनी माझ्या हातात वही दिली आणि म्हणाले, "लिहा." भरगाडी ५२ क्विंटल ३० किलो. गाडी आत जाऊन खाली झाली, परत काट्यावर आली: २७ क्विंटल ८५. "निव्वळ?" २४ क्विंटल ४५ किलो. "७,१०० भाव लावा." मी वहीच्या कोपऱ्यात गुणाकार केला, १ लाख ७३ हजार ५९५ रुपये. त्यांनी कॅल्क्युलेटरवर पडताळलं, मग कास्तकाराचं नाव, गाव, गाडी नंबर मी कसा लिहिला ते बघितलं. खाडाखोड आहे का, ते विशेष बघितलं. पदवीचा कागद त्यांनी उघडलाही नाही. शेवटी एवढंच विचारलं, "सकाळी सातला येता येईल काय रोज?"

या भागातल्या बहुतेक मुलाखती अशाच असतात. म्हणून घरी हिशेबाचा सराव करा: टक्केवारी, वजनातली वजाबाकी, हातचा न चुकवता बेरीज. अक्षर स्वच्छ ठेवा.

खंडाबद्दल विचारतीलच. उत्तर तीन वाक्यांत द्या: का थांबलो, त्या काळात काय केलं, आता काय बदललं. "वडिलांच्या दुखण्यामुळे २०२० पासून गावी होतो. शेती मीच पाहिली. आता लहान भाऊ शेती बघतो, मी रोज येऊ शकतो." तिसरं वाक्य सगळ्यात वजनदार आहे. मालकाला तुमच्या रिकाम्या वर्षांचं फार काही वाटत नाही. पेरणी आली, निकाल लागला, लेकरू आजारी पडलं की हा पुन्हा जाईल, ही त्याची खरी धास्ती असते. तिचंच उत्तर त्याला हवं असतं. पहिल्या टप्प्यात घरात बोलून घ्या म्हटलं ते यासाठीच, कारण ठरलेलं असेल तरच हे वाक्य ठामपणे निघतं. परीक्षा देणं चालू असेल तर लपवू नका, परीक्षेच्या दिवसाची सुट्टी आधीच मागून ठेवा.

रडकथा सांगू नका, आणि मागच्या कंत्राटदाराची निंदाही करू नका.

८. हो म्हणण्याआधी विचारायचं

पगार "बारा हजार" म्हणजे हातात किती? समजा मूळ पगारच १२,००० आहे. पीएफ १२ टक्के म्हणजे १,४४० गेले, ईएसआयसी (कामगार विमा) पाऊण टक्का म्हणजे ९०, आणि व्यवसाय कर पुरुषांना २००. हातात १०,२७०. महिलांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. कपात बघून नाराज होऊ नका, पीएफमध्ये मालकही तेवढीच भर घालतो आणि ईएसआयसीमुळे दवाखाना मिळतो. उलट "पीएफ नको, हातात जास्त देतो" असं कोणी म्हणालं तर समजा की तुमचा कागदच तो काढून घेतो आहे. २० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पीएफ लागू होतो. जिनिंग हंगामी कारखान्यात मोडतं, तिथे ईएसआयसी सहसा नसतं.

लहान दुकानात पीएफ नसणार. तिथे एकच आग्रह धरा: पगार बँक खात्यात द्या. रोख घेतलेल्या पगाराचा पुढे काहीच पुरावा राहत नाही.

ड्युटी आठ तासांची की बारा? आठवडी सुट्टी कोणती? आणि सगळ्यात आधी, शेवटची एसटी किती वाजता? मुक्कामी गाडी सकाळी निघते त्यावर पोहोचता येतं का, संध्याकाळी काळीपिवळी मिळते का, हे एक दिवस स्वतः जाऊन-येऊन बघा. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, रोज ये-जा करणाऱ्यांना पास मिळतो. तालुक्याला खोली करून राहायचं असेल तर भाडं, मेस आणि गॅस धरून उरतं किती, ते मांडा. १०,२७० मध्ये लांबच्या शहरात खोली करून राहणं परवडत नाही, घरून जाऊन-येऊन परवडतं. म्हणून पहिली नोकरी तीस-चाळीस किलोमीटरच्या आत शोधा असं मी सांगतो.

९. फसवणूक

बरीच वर्षं घरी असलेला माणूस घाईला आलेला असतो, आणि ठकवणाऱ्यांना ते बरोबर कळतं.

नोकरीसाठी पैसे मागितले की तिथेच थांबा. "रजिस्ट्रेशन", "ड्रेसचे", "ट्रेनिंगचे", "साहेबांना द्यायचे", नाव काहीही असो. रेल्वेत, वेकोलित, मंत्रालयात ओळख आहे म्हणणाऱ्याच्या मागे लोकांनी वावर गहाण टाकलं आहे. संस्थेच्या शाळेत लावून देतो म्हणून लाखांची बोली होते, आणि त्या पदाला मान्यताच नसते.

घरबसल्या डेटा एन्ट्रीचं काम आणि त्यासाठी ऑनलाइन करारावर सही, हा तर ठरलेला सापळा आहे. काम चुकीचं काढतात आणि मग "करार मोडला, कोर्टात खेचू" म्हणून वकिलाच्या नावाने धमकी देऊन पैसे उकळतात. अशा फोनला पैसे देऊ नका. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितका लवकर कराल तितकी रक्कम अडकवता येण्याची शक्यता जास्त.

मूळ कागद कोणाकडे ठेवू नका. दाखवा आणि परत घ्या, झेरॉक्स द्या. कोऱ्या चेकवर, कोऱ्या स्टॅम्पवर सही नाही. परजिल्ह्यात किंवा परराज्यात नेणारा मुकादम उचल देत असेल, तर उचल घेण्याआधी कामाच्या ठिकाणाचं नाव, पत्ता आणि मालकाचा नंबर घरी लिहून ठेवा, आणि आधी गेलेल्या माणसाशी बोला. नागपूरला "ऑफिस जॉब"च्या मुलाखतीला बोलावून तीन दिवसांचं शिबिर आणि माल विकत घ्यायला लावणं, तेही नोकरी नव्हे.

१०. लागल्यावर

पहिला पगार होईपर्यंत अंग दुखतं, झोप पुरत नाही, आणि बरोबरचे आपल्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान असतात. तो पोरगा कामात तुमचा सिनियर असेल तर त्याच्याकडून शिका, तो "काका" म्हणाला तरी मनाला लावून घेऊ नका. पहिले तीन महिने एकही खाडा करायचा नाही असं ठरवा.

पगार झाला की पासबुक भरून घ्या. दुसऱ्या महिन्यात उमंगवर पीएफ जमा झाला का ते बघा. कापला जातो पण जमा होत नाही, असं कंत्राटदाराकडे घडतं. मग लेखी विचारा, आणि दाद लागली नाही तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. वारसाची नोंद आणि केवायसी त्याच वेळी पूर्ण करा.

सहा महिने झाले की बायोडेट्यात सगळ्यात वर हे काम लिहा आणि पुढची जागा शोधायला सुरुवात करा, पण ती हातात येईपर्यंत ही सोडू नका. हंगामी ठिकाणी असाल तर अनुभवाचं पत्र सिझन चालू असतानाच मागा. शेवटची गठाण गेली की ऑफिसला कुलूप लागतं, दिवाणजी गावाला जातात आणि शिक्का कपाटात राहतो. पत्रावर लेटरहेड, तुमचं पूर्ण नाव, कामाचं स्वरूप, तारखा, सही, शिक्का आणि सही करणाऱ्याचा फोन नंबर, एवढं असल्याची खात्री करूनच तिथून निघा.